सर्वोच्च न्यायालयाचे काही निर्णय आणि शेतकऱ्याचे कागद

विस्तारकार्य करणाऱ्यास गावात जे प्रश्न विचारले जातात, त्यांतील बरेचसे पिकाचे नसतात, ही गोष्ट या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या अनुभवाची आहे. तुरीवरील अळीसाठी कोणते औषध फवारावे हे विचारावयास आलेला शेतकरी जाता जाता विचारतो की, बहिणीचे नाव उताऱ्यावर लावावेच लागेल काय. बियाणे उगवले नाही तर कंपनीकडून भरपाई मिळते काय. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला उचलला तर पुढचा हक्क बुडतो काय. हा आमच्या खात्याचा विषय नव्हे, असे सांगून उठता येते. परंतु शेतकऱ्याने मग विचारावे कोणास? बहुधा तो पारावर विचारतो, आणि पारावर जो कायदा सांगितला जातो तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा असतो.

मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाने शेतकरी कुटुंबाशी निकट संबंध असलेल्या अनेक बाबींवर निर्णय दिले आहेत. त्यांतील काही वारसा हक्काचे आहेत, काही ग्राहक कायद्याचे, काही भूसंपादनाचे. न्यायालयाचा निर्णय दोन पक्षकारांपुरता असतो हे खरे. पण त्यात कायद्याचे जे तत्त्व सांगितले जाते ते संविधानाच्या अनुच्छेद १४१ अन्वये देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असते. म्हणूनच हिमाचल प्रदेशातील एका वृद्धेच्या किंवा आंध्र प्रदेशातील काही बियाणे खरेदीदारांच्या प्रकरणात जे ठरले, ते आपल्या तालुक्यातील शेतकऱ्याच्याही उपयोगी पडते. हे निर्णय एकत्र वाचले असता एक गोष्ट स्पष्ट दिसते. न्यायालयाने हक्क मान्य करण्यात हात आखडता घेतलेला नाही, परंतु तो हक्क पदरात पडतो की नाही, हे पुष्कळदा एखाद्या साध्या कागदावर ठरते. तो कागद वेळीच तयार करवून घेणे व जपून ठेवणे, या कामी गावपातळीवरील कार्यकर्त्यास मोठे साहाय्य करता येईल.

मुलींचा वाटा

सर्वांत अधिक गैरसमज याच विषयात आहेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क फक्त मुलग्यांना होता. महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून हा हक्क मुलींना दिला. तथापि २२ जून १९९४ पूर्वी ज्यांची लग्ने झाली होती त्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. "लग्न आधी झाले, म्हणून वाटा नाही" हे वाक्य जे गावात अजून ऐकू येते, त्याचे मूळ या जुन्या तरतुदीत आहे. पुढे केंद्रीय कायद्यातच दुरुस्ती होऊन ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी ही मुलग्याप्रमाणेच जन्मतः सहदायाद, म्हणजे एकत्र मिळकतीची जन्मापासूनची भागीदार ठरली. लग्नाची अट उरली नाही.

तरीही एक प्रश्न लोंबकळत राहिला. २००५ पूर्वीच वडील वारले असतील तर काय? २०१५ साली दोन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की, त्या दिवशी वडील व मुलगी दोघेही हयात असली पाहिजेत. २०१८ साली दुसऱ्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने, वडील २००१ साली वारले असतानाही मुलींना वाटा दिला. अखेर तीन न्यायाधीशांच्या पीठाने ११ ऑगस्ट २०२० रोजी हा वाद मिटवला. मुलीचा हक्क तिच्या जन्मामुळे आहे, वडिलांच्या हयातीमुळे नव्हे; सबब ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे न्यायालयाने ठरविले.

याचा हिशेब उदाहरणाने समजून घ्यावा. एका कुटुंबाची १२ एकर वडिलोपार्जित जमीन आहे. घरात वडील, आई, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी. वडील मृत्युपत्र न करता अलीकडे वारले. वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटप झाले असे कायदा गृहीत धरतो, व आपल्याकडील रीतीप्रमाणे त्यात आईलाही वाटा असतो. म्हणजे पाच वाटे झाले. वडिलांचा पाचवा वाटा मग आई, दोन मुलगे व मुलगी या चौघांत सारखा विभागला जातो. अखेरीस प्रत्येकास एक चतुर्थांश, म्हणजे ३ एकर मिळतात. मुलीचे ३ एकर हे भावांनी दिलेले नसून तिचेच असतात; आणि आईचेही. आईचा वाटा गावात कोणी मोजतच नाही, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

या निर्णयाला मर्यादाही आहेत, आणि त्या भावांच्याही हिताच्या आहेत. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने जे वाटप झाले असेल, ते उकरून काढता येत नाही. त्या तारखेपूर्वी रीतसर विकलेली जमीनही परत मागता येत नाही. परंतु "आमचे वाटप तोंडी केव्हाच झाले आहे" एवढ्याने भागत नाही. तोंडी वाटपाचा बचाव न्यायालय सहजी स्वीकारणार नाही; अपवादात्मक प्रकरणीच, तेही सरकारी दप्तरातील कागदांनी ते वाटप पूर्वीच अमलात आल्याचे सिद्ध झाले तरच, तो विचारात घेतला जाईल, असे निर्णयात म्हटले आहे. वाटपाच्या दाव्यात प्राथमिक हुकूमनामा झाला असून अंतिम वाटप बाकी असेल, तर तेथेही मुलीचा वाटा धरावा लागतो. हक्काबरोबर जबाबदारीही येते. एकत्र मिळकतीवरील बोज्यात मुलगी मुलग्याइतकीच बांधली जाते. वडिलांची स्वकष्टार्जित जमीन असेल तर ते मृत्युपत्राने ती कोणासही देऊ शकतात; मृत्युपत्र नसेल तर मात्र मुलीस सारखाच वाटा आहे.

आदिवासी भागातील कार्यकर्त्यांनी हे लक्षात ठेवावे की, १९५६ चा कायदा अनुसूचित जमातींना केंद्र शासनाच्या अधिसूचनेवाचून लागू होत नाही. तेथे रूढी पाहिली जाते. पण १७ जुलै २०२५ रोजी छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. खालच्या न्यायालयांनी, स्त्रियांना वारसा मिळतो अशी रूढी सिद्ध करा, असे वादींना सांगून दावा फेटाळला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो विचारच उलटा ठरविला. स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना तिला वगळणे समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असे सांगून न्यायालयाने मुलीच्या वारसांना तिचा वाटा दिला. नंदुरबार, पालघर, गडचिरोली या भागांत हा निर्णय माहीत असणे अगत्याचे आहे.

आता प्रत्यक्ष व्यवहार. पुष्कळ बहिणी साडीचोळीवर समाधान मानून हक्क सोडतात. माहेर तुटू नये ही त्यामागील भावना आहे आणि तिची थट्टा करणे योग्य नव्हे. स्वेच्छेने हक्क सोडण्यास कायद्याची आडकाठीही नाही. परंतु ते हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते. साध्या कागदावरील अंगठा किंवा सही पुरेशी नाही, आणि एकदा नोंदणी झाल्यावर ते मागे घेणे अतिशय अवघड असते. म्हणून "कर्जाच्या कामासाठी सही हवी आहे" असे सांगून बहिणीस दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेले जात असेल, तर कागद वाचून दाखविल्याशिवाय तिने सही करू नये, एवढे तरी आपल्या महिला मेळाव्यांतून सांगितले गेले पाहिजे. याउलट बहिणीचे नाव लागले म्हणजे शेताचे तुकडे पडलेच, अशी भीती भावांनीही बाळगू नये. नाव लागणे व प्रत्यक्ष सरसनिरस वाटप होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावे एकत्र ठेवून एकाने कसावे व उत्पन्नाचा हिशेब द्यावा, असेही चालते.

उतारा म्हणजे मालकी नव्हे

सातबाराच्या उताऱ्यावर नाव असले की जमीन आपली, ही समजूत इतकी दृढ आहे की तिच्याविरुद्ध बोलणारास वेड्यात काढले जाते. ६ सप्टेंबर २०२१ रोजी मध्य प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आपले पूर्वीचेच मत पुन्हा स्पष्ट केले. मृत्युपत्राच्या आधारे आपले नाव महसुली दप्तरी लावावे, अशी एकाची मागणी होती. न्यायालयाने सांगितले की, फेरफाराची नोंद ही मुख्यतः महसूल वसुलीच्या सोयीसाठी असते. तिने मालकी हक्क निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. मालकीबद्दल, विशेषतः मृत्युपत्राबद्दल वाद असेल, तर तो दिवाणी न्यायालयातच सुटला पाहिजे.

याचा अर्थ उतारा निरुपयोगी आहे असा मात्र कोणी करू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. शिवाय पीककर्ज, पीकविमा, ठिबकचे अनुदान, इतकेच नव्हे तर आता शेतकरी ओळख क्रमांकही याच नोंदीवर अवलंबून आहे. नोंद नसलेल्या विधवेचा हक्क कायद्याने शाबूत असतो. पण हंगामात तिला त्याचा उपयोग शून्य, ही स्थिती आपण रोज पाहतो. म्हणून वारसाने, वाटपाने वा खरेदीने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ग्राम महसूल अधिकाऱ्यास, ज्यांना गाव अजून तलाठीच म्हणते, वर्दी द्यावी व तिची पोच घ्यावी. फेरफाराची नोटीस बजावल्यापासून पंधरा दिवसांत हरकत घेता येते, हे गावात फार थोड्यांना ठाऊक असते.

जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाचे एकट्याचे नाव व त्यापुढे "ए. कु. मॅ." अशी अक्षरे आढळतात. ती एकत्र कुटुंबाच्या व्यवस्थापकाची खूण होय; त्याने थोरला भाऊ एकटा मालक होत नाही. तसेच बहिणींची नावे "इतर हक्क" या रकान्यात टाकण्याची रीत अनेक ठिकाणी होती. वर सांगितलेले दोन्ही निर्णय एकत्र वाचले म्हणजे दिसते की, नाव कोणत्या रकान्यात आहे यावरून वाटा कमी-जास्त होत नाही.

सदोष बियाणे व शेतकरी

येथे आपल्या खात्याचा थेट संबंध येतो. शेतकरी हा "ग्राहक" आहे की "व्यापारी", हा वाद कंपन्यांनी अनेक वर्षे चालविला. शेतकरी पीक विकतो, तेव्हा त्याने बियाणे व्यापारासाठी घेतले, असा युक्तिवाद असे. शिवाय १९६६ च्या बियाणे कायद्यात सर्व सोय आहे, ग्राहक न्यायालयाचा येथे संबंध काय, असेही म्हटले जाई. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनने आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांविरुद्ध केलेल्या अपिलांत १६ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही मुद्दे फेटाळले. बियाणे कायद्यात शेतकऱ्याला नुकसानभरपाई देण्याची व्यवस्था नाही. ग्राहक कायदा ही अधिकची दाद आहे आणि शेतकरी ग्राहकच आहे, असे त्यात ठरले.

त्याच निर्णयातील दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासला नाही, म्हणून तक्रार टिकत नाही, असा कंपनीचा बचाव होता. न्यायालयाने म्हटले की, शेतकरी आणलेले सगळे बियाणे पेरतो. पुढे खटला होईल म्हणून त्याने काही बाजूला काढून ठेवावे ही अपेक्षाच अवाजवी आहे. कंपनीपाशी त्या लॉटचे नमुने असतात, तिला तपासणी करवून घेता आली असती.

हे वाचून कोणी असे समजू नये की, उगवण कमी झाली म्हणजे भरपाई ठरलेलीच. २००५ साली हरियाणा बियाणे विकास महामंडळाच्या प्रकरणात शेतकरी हरले. कारण पिकातील फरक पाणी वगैरे अन्य कारणांनीही पडू शकतो, बियाण्याचा दोष सिद्ध झालेला नाही, असे दिसून आले. या दोन निर्णयांमधील अंतर म्हणजे एक चांगला पंचनामा होय, असे माझे मत आहे. सोयाबीनचे उदाहरण घ्या. याचे टरफल नाजूक असते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्यापूर्वी पेरणी केली, बियाणे पाच सेंटिमीटरहून खोल गेले, पेरणीनंतर जमिनीवर पापडी धरली, तर उत्तम बियाणेही उगवत नाही. कंपनीचा वकील नेमके हेच विचारणार. म्हणून तक्रार येताच तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीस कळवून, पीक मोडण्यापूर्वी पाहणी झाली पाहिजे. पंचनाम्यात पेरणीची तारीख, तोपर्यंतचा पाऊस, पेरणीची खोली, शेतात चार-पाच ठिकाणी मोजलेली रोपांची संख्या, आणि शक्य तर शेजारच्या शेतात दुसऱ्या लॉटची उगवण कशी आहे, याची नोंद असावी. एकाच पावसात, एकाच प्रतीच्या जमिनीत शेजाऱ्याचे उगवले आणि याचे उगवले नाही, ही एक ओळ दहा पाने युक्तिवादापेक्षा वजनदार ठरते. "उगवण असमाधानकारक आहे" एवढेच लिहिलेले पंचनामे शेतकऱ्याच्या काही कामाचे नसतात.

शेतकऱ्याने पावती, पिशवी व तिच्यावरील लेबल जपावे. पिशवी वरून न फाडता खालून उघडावी, म्हणजे लेबल शाबूत राहते. न्यायालयाने सक्ती केलेली नसली तरी मूठभर बियाणे राखून ठेवणे केव्हाही शहाणपणाचे, आणि पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहणे त्याहून शहाणपणाचे. प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करावयाची असते. शेतकरी जेथे राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते, बियाण्यापोटी दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील देणे बंधनकारक नाही. विनापावती बियाणे दोन पैसे स्वस्त मिळते खरे. पण ते घेणाऱ्याच्या हाती यांतले काहीच उरत नाही.

संपादनात गेलेली जमीन

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिलेला नाही. तरीही अनुच्छेद ३००-अ प्रमाणे कायद्याच्या आधारावाचून कोणाची मालमत्ता घेता येत नाही. हिमाचल प्रदेशातील एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ साली रस्त्यासाठी घेतली गेली. ना संपादन झाले, ना मोबदला. शासनाने उशिराचा मुद्दा काढला, इतक्या वर्षांच्या कब्जाने आपणच मालक झालो असेही सांगितले. ८ जानेवारी २०२० च्या निर्णयात न्यायालयाने हा बचाव अमान्य केला. कल्याणकारी राज्यास आपल्याच नागरिकाच्या जमिनीवर प्रतिकूल कब्जाने हक्क सांगता येणार नाही, असे बजावून मोबदला देण्याचा आदेश दिला. तत्पूर्वी २०१२ साली ठाणे जिल्ह्यात औद्योगिक विकासासाठी १९६४ च्या सुमारास गेलेल्या जमिनींबाबतही न्यायालयाने अशीच भूमिका घेतली होती. आपल्याकडे दुष्काळी कामांत तोंडी संमतीवर पाझर तलाव व रस्ते झालेली गावे थोडी नाहीत. अशा गावांत जमीन गेल्याचा काही तरी लेखी पुरावा, मग तो मोजणीचा नकाशा असो वा कामाच्या नोंदवहीचा उतारा, मिळविणे हे पहिले काम होय.

१६ मे २०२४ च्या निर्णयात या हक्काची अंगे न्यायालयाने उलगडून दाखविली. प्रकरण कोलकाता शहरातील होते, पण तत्त्व सर्वत्र लागू आहे. जमीनधारकास नोटीस मिळाली पाहिजे, त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, निर्णय सकारण कळविला पाहिजे, हेतू सार्वजनिकच असला पाहिजे, मोबदला रास्त असला पाहिजे, कारवाई वेळेत व नीट झाली पाहिजे आणि ती पूर्ण होऊन हक्क रीतसर निहित झाला पाहिजे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तीत शेतकऱ्यांचे नुकसान होत आले आहे. मोबदला न उचलता स्वस्थ बसले की काही वर्षांनी संपादन आपोआप रद्द होते, असा समज २०१३ च्या कायद्यानंतर पसरला. ६ मार्च २०२० रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात तो दूर केला. जुन्या कायद्याखालील संपादन, निवाड्यास पाच वर्षे होऊनही ताबा घेतलेला नाही आणि मोबदलाही दिलेला नाही, अशा दोन्ही गोष्टी असतील तरच व्यपगत होते. देऊ केलेला मोबदला नाकारणाऱ्यास हा लाभ नाही. पंचनामा करून घेतलेला ताबा हाही ताबाच होय, मग पीक कोणाचेही उभे असो.

तेव्हा रक्कम नाकारू नये. पण घेताना "हरकत राखून रक्कम स्वीकारली" असे पावतीवर लिहावे. हे चार शब्द न लिहिता रक्कम घेतली, तर २०१३ च्या कायद्याखाली वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करण्याचा हक्क जातो. निवाड्याच्या वेळी शेतकरी हजर असेल तर त्या दिवसापासून सहा आठवड्यांत हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावयाचा असतो. हजर नसेल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे अथवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जी मुदत आधी संपेल ती. शेजाऱ्यास वाढीव मोबदला मिळाला आणि आपण अर्जच केला नव्हता, असे असेल तर त्या निवाड्यापासून तीन महिन्यांत त्याच दराची मागणी करता येते. राष्ट्रीय महामार्गाचे संपादन वेगळ्या कायद्याने होते व तेथे दाद लवादाकडे मागावयाची असते.

प्रत्येक प्रकरणाची वस्तुस्थिती वेगळी असल्याने दावा दाखल करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेणे इष्ट. तालुका विधी सेवा समितीकडून स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती तसेच आपत्तीग्रस्त यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांस उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावर प्राथमिक माहिती मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर अनेक निर्णयांची मराठी भाषांतरेही उपलब्ध असून, ती समजून घेण्यापुरती वापरावीत; दाव्यात इंग्रजी मूळच ग्राह्य धरले जाते.